थांब म्हणण्याची रीत

जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर चालायचा, जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत. त्या संगणकावर लाल शाईत लिहिलेली चिठ्ठी डकवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका! १९९० सालच्या अखेरीस सर्व्हरचा तोरा हा असा होता. आता तोच सर्व्हर जावाच्या चार ओळींत मावतो. त्याला ८०८० पोर्ट द्यायचा आणि म्हणायचं ‘स्टार्ट’, की उभा. ‘स्टॉप’ म्हटलं, की आडवा. निदान पुस्तकात तरी.

पूर्वी अ‍ॅप्लिकेशन हे सर्व्हरच्या वाड्यातलं भाडेकरू असे. वॉर फाइलचं बोचकं बांधायचं, टॉमकॅट नावाच्या सर्व्हरच्या ‘वेबअ‍ॅप्स’ फोल्डरात नेऊन टाकायचं आणि मालकाच्या मर्जीने राहायचं. जेटी या दुसऱ्या सर्व्हरवाल्यांनी हे नातं उलटं केलं. अ‍ॅप्लिकेशनला जेटीत ठेवू नका, जेटीलाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये ठेवा, असं त्यांचं म्हणणं. २०१४ साली जावाच्या स्प्रिंग बूट या चौकटीची १.० आवृत्ती आली, आणि खुद्द टॉमकॅटच मुकाट्याने भाडेकरूच्या खोलीत पथारी टाकून बसला.

पण जुना मालक तो जुना मालकच. टॉमकॅटच्या नवव्या आवृत्तीपासून त्याला कोडमधून ‘स्टार्ट’ म्हटलं, तर तो बिनतक्रार सुरू होतो आणि पोर्ट मात्र उघडत नाही. ‘गेटकनेक्टर’ म्हणून एकदा विचारपूस करावी लागते. विचारलं, की मगच पोर्ट उघडणारा कनेक्टर तयार होतो. चूक दाखवायची नाही, फक्त बाहेरच्याला दार उघडायचं नाही! असहकाराचा इतका सभ्य प्रकार मी सरकारी खिडकीवरही पाहिलेला नाही.

खरी कसोटी थांबवण्याची. एखाद्या विनंतीला उत्तर देता देताच ‘स्टॉप’ म्हणावं, असा मोह अनेकांना होतो. मग सर्व्हर हातातली कामं संपायची वाट पाहतो, आणि त्या कामांतलं एक म्हणजे ‘स्टॉप’ म्हणणारा, ती विनंती हाताळणारा थ्रेड स्वतःच. तो सर्व्हरसाठी खोळंबलेला, सर्व्हर त्याच्यासाठी. ‘आधी तुम्ही’ची ही लखनवी अदब तिथे मुदत संपेपर्यंत चालते, मुदत घातली नसेल, तर विचारूच नका. म्हणून जाणकार हा निरोप वेगळ्या थ्रेडकडून धाडतात.

स्प्रिंग बूटने २०२० साली २.३ आवृत्तीत सभ्यपणे बंद होण्याची सोय दिली. नव्या पाहुण्यांना नाही म्हणायचं आणि आत असलेल्यांचं आवरायला, वेगळं काही सांगितलं नसेल तर, तीस सेकंद द्यायचे. माझ्या मते हा त्या साऱ्या चौकटीतला सर्वांत सुसंस्कृत आकडा आहे. बाकी ‘किल’ आज्ञेला ‘वजा नऊ’ जोडून प्रक्रिया उडवणारे आहेतच. त्यात आवराआवरीचा कोड चालतच नाही. घाईच्या माणसाला तेच आवडतं.

पोर्ट मागण्या-विचारण्यालाही अशीच रीत आहे. चाचण्या चालवताना शहाणे लोक पोर्ट शून्य मागतात, म्हणजे रिकामा असेल तो ऑपरेटिंग सिस्टिमने द्यावा. कुठला मिळाला, हे नंतर सर्व्हरलाच विचारायचं. जेटीला सुरू होण्याआधी विचारलंत, तर ती उणे एक म्हणते. बंद झाल्यावर विचारलंत, तर उणे दोन. अजून आलो नाही आणि येऊन गेलो, यांतला फरक तिने एका आकड्यात ठेवला आहे.