फियाटकाका

जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी तरी प्रीमियर पद्मिनी असतेच, आणि रविवारी सकाळी तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. ते पाय फियाटकाकांचे. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण कुरिअरवालासुद्धा फियाटकाका कुठे राहतात असंच विचारतो. कुर्ल्याच्या कारखान्याने सत्तरच्या दशकात फियाट गाडीचं पद्मिनी असं बारसं केलं, ते काकांनी आजवर मान्य केलेलं नाही. आपण पद्मिनी म्हटलं की त्यांना अचानक कमी ऐकू येतं.

एरवी त्यांचा कान फार तिखट आहे. पावसाळ्यात सकाळी कुणीतरी गाडी सुरू करतं, बॉनेटमधून 'चुईंऽऽ' अशी किंकाळी येते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, दात घासता घासता, निदान खाली येतं : "फॅन बेल्ट! सैल झालाय! रात्री दिवे चालू राहिले होते काय हो?" दिवे खरंच चालू राहिलेले असतात. बॅटरी उतरली की ती भरायला डायनामोवर जास्त ताण पडतो, डायनामो फिरायला जड होतो आणि सैल पट्टा पुलीवरून घसरून ओरडतो, हे सगळं ते तोंडात ब्रश ठेवून सांगतात. शंका काढलीत तर पायजमा सावरत खाली येतात आणि चालत्या पट्ट्यावर तांब्यातलं चमचाभर पाणी शिंपडतात. आवाज वाढला तर पट्टा सैल, क्षणभर थांबला तर पुली वाकडी. चाचणीचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेलेला मी पाहिलेला नाही.

तर निदानाच्या बाबतीत काकांना तोड नाही. भानगड इलाजाची आहे.

काकांची गाडी सरळ आहे. इंजिनाच्या तोंडाशी रबराचा एकच पट्टा. तोच पाण्याचा पंप फिरवतो, तोच पंखा आणि तोच डायनामो. ताण द्यायचा म्हणजे डायनामोचा बोल्ट ढिला करायचा, डायनामो बाहेरच्या बाजूला रेटून धरायचा आणि बोल्ट परत आवळायचा. रेटायला काका हातोडीचा लाकडी दांडा वापरतात, बोल्ट स्वतः आवळतात आणि वॉचमनला दांडा धरून उभं करतात. मग पट्ट्याचा सगळ्यात लांब भाग अंगठ्याने मधोमध दाबून बघायचा. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. कमी दबला तर पंपाचं आणि डायनामोचं बेअरिंग जातं, जास्त दबला तर परत चुईं. अंगठा काकांचाच लागतो. वॉचमनने एकदा हौसेने दाबून बघितलं, तेव्हा "तुझा अंगठा जड आहे" म्हणून त्याला परत दांड्यावर पाठवलं.

हे सगळं शास्त्रशुद्ध झालं. पण पट्टा मुळात इतका जुना की आतल्या बाजूने काचेसारखा गुळगुळीत झालेला, कडेचे धागे सुटलेले. तो बदलायलाच हवा हेही काकांनीच सांगितलं. नाना पेठेतून नवा पट्टा आणून ठेवलाही आहे, पुठ्ठ्याच्या वेष्टनासकट, डिकीत स्टेपनीखाली. वेळेला असावा म्हणून.

ती वेळ एकदा आली. भाचीच्या लग्नाला साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर समोरचा लाल दिवा लागला, काटा वर सरकायला लागला आणि बॉनेटखाली काहीतरी फटकन वाजलं. काका शांतपणे म्हणाले, "पट्टा तुटला, पाण्याचा पंप थांबला. आता पुढे नेली तर हेडचं पॅकिंग जाईल." गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि डिकीतून पट्टा काढला. नवा नव्हे! त्याच्या आधीचा, बदलल्यावर जपून ठेवलेला.

"अहो, तो नवा आणलाय ना?" पैठणी नेसलेल्या काकूंनी विचारलं.

"तो अडीअडचणीला आहे," काका म्हणाले.

घाटात, भर उन्हात, लग्नाचा मुहूर्त तोंडावर आलेला. याहून मोठी अडचण काकांच्या कल्पनेत कुठली होती, हे काकूंना अजून कळलेलं नाही. जुना पट्टा घालून गाडी साताऱ्याला पोचली, अक्षता मात्र हुकल्या. डिकीतल्या नव्या पट्ट्याला उन्हाळे सोसून सोसून वेष्टनातच चिरा पडल्या आहेत. तेही निदान त्यांचंच : "रबर वापरून जेवढं जातं तेवढंच ठेवूनही जातं."

सायलेन्सरची कथा याहून ठसठशीत, कारण ती ऐकू येते. काकांची फियाट गल्लीत शिरली की पाहुण्यांना ट्रॅक्टर आल्यासारखं वाटतं. सायलेन्सर का सडतो यावर काकांचं छोटं व्याख्यान आहे, आणि ते बिनचूक आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी लांब पल्ल्याला गेली तर सगळी नळी तापते आणि ते वाफ होऊन निघून जातं. गाडी जवळच्या जवळ फिरवली तर थंड सायलेन्सरमध्ये वाफेचं पाणी होतं, ते तिथेच साठतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग शाबूत असतो, बोट लावलं की बोट आत. एवढं सांगून काका गाडी काढतात आणि कोपऱ्यावरच्या मंडईत कोथिंबीर आणायला जातात. जुनी गाडी, जपून वापरायला हवी ना!

भोक शोधायची त्यांची रीतही ऐकण्यासारखी. वॉचमनने मागच्या नळीच्या तोंडाशी फडक्याचा बोळा क्षणभर दाबून धरायचा. कोंडलेला धूर जिथून फुसफुसेल तिथे भोक. इंजिनाजवळच्या फ्लॅंजपाशी फुसफुसला तर पॅकिंग गेलं, मधे फुसफुसला तर पत्रा गेला. काका खालून ओरडतात, "सापडलं!" मग भोक हमखास मिळालेलं असतं. आणि त्यावर काय चढतं? पामतेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा आणि होजच्या दोन क्लिपा. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, मधला तुकडाच नवा टाकू." काका म्हणतात, "टाकूच, पण दिवाळीनंतर." कुठल्या दिवाळीनंतर, ते विचारायचं नसतं. आज त्या सायलेन्सरवर कारखान्याचा पत्रा किती आणि तेलाच्या डब्यांचा किती, हा वादाचा विषय आहे. एका पट्टीवर 'शुद्ध व पौष्टिक' ही अक्षरं अजून वाचता येतात.

काका कंजूष आहेत असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचा पर्यावरण कर, दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, हे सगळं ते वेळेआधी भरतात, रांगेत उभे राहून. पीयूसीच्या आदल्या दिवशी भोक न चुकता बुजवतात, कारण भोकातून बाहेरची हवा धुरात मिसळली की यंत्रावर आकडा खोटा कमी येतो आणि खोट्या आकड्यावर दाखला घेणं त्यांना मंजूर नाही. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत संपून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवर ती टॅक्सी दिसेनाशी झाली, तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी काकांचं सांत्वन केलं. काका म्हणाले, "बरं झालं, आता सुटे भाग स्वस्त होतील." झाले नाहीत. झाले असते तरी त्यांनी ते आणून डिकीतच ठेवले असते.

काका माणूस दिलदार आहे, स्टॉपवर उभे दिसलात तर गाडी थांबवून लिफ्ट देतील. जरूर बसा. एवढंच लक्षात ठेवा की फुटक्या सायलेन्सरचा आवाज नुसता त्रास देतो. खरा धोका आत शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा, आणि त्याला ना रंग ना वास. काकांना हे तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून त्यांनी चारही काचा कायमच्या खाली करून ठेवल्या आहेत, जुलैतसुद्धा. छत्री आपली आपण न्यावी.