विंचू व्हायरल होतो

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सर्वांत जास्त मागणी एसीला असते, त्याखालोखाल चार्जिंगच्या पॉइंटला आणि परीक्षा तोंडावर आली असेल तर पुस्तकांना. मी तिथली ग्रंथपाल. निवासी डॉक्टरांना माझी आठवण प्रबंधाचे संदर्भ हवे असले की येते, तीही रात्री अकरा वाजता, मेसेजवर.

एका परिषदेहून परतलेल्या डीनसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मोबाइलवर एक रंगीबेरंगी कडं दाखवलं. “शेजारच्या कॉलेजच्या पेपरला हा मेदूवडा लागलाय. आपल्याला का नाही?”

तो मेदूवडा म्हणजे अल्टमेट्रिकचा डोनट. युआन एडी यांनी २०११ मध्ये लंडनमध्ये ही मोजणी सुरू केली. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख दुसऱ्या निबंधात व्हायला वर्षं जातात. तोवर निदान त्याच्याबद्दल कुठे बोललं जातंय ते तरी मोजू, हा त्यामागचा विचार. ट्विटरवर (आताच्या एक्सवर) विषय निघाला की कड्यात निळा रंग चढतो, बातमीत आला की लाल, ब्लॉगवर आला की पिवळा. आमचे निबंध गोरेपान राहिले होते.

“उद्यापासून सोशल मीडिया तुम्ही बघा,” डीनसर म्हणाले. “तुमच्याकडे शांतता असतेच.”

दुसऱ्या कुणी हा विषय आणला असता तर मी आधी पबमेड हा वैद्यकीय निबंधांचा शोधसंग्रह उघडला असता, नेमके शब्द टाकून शोध घेतला असता आणि ‘पुरावा काय म्हणतो’ ते छापून हातात दिलं असतं. तीस वर्षं तोच तर धंदा. स्वतःवर वेळ आली तेव्हा मी भाचीला फोन केला.

“मावशी, रील कर,” ती म्हणाली. “आणि विषय असा घे की लोकांना चावला पाहिजे.”

मी विंचू घेतला. त्यात माझा काही आगाऊपणा नव्हता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आम्हा ग्रंथपालांना विशेष प्रिय. कोकणातला लाल विंचू चावला की हृदयावर भयंकर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरतं, धडधाकट माणूस जातो. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी इथे कामाला येते हे दाखवलं. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक टक्क्याच्या आसपास उतरलं. हे सगळं कोकणातून, टपालाने, एकही लाइक नसताना. हे मी रीलमध्ये फार कळकळीने सांगितलं. पांढरी साडी, मागे जर्नल्सचं कपाट, हातात प्लास्टिकचा विंचू.

भाचीने खाली संगीत म्हणून एकनाथांचं विंचवाचं भारूड लावलं.

रील सुटलं. म्हणजे असं सुटलं की मुख्य रस्त्यावरचा चहावाला मला “विंचूताई” म्हणू लागला. कमेंटा आल्या. एका कीर्तनकारबुवांनी लिहिलं की विंचू म्हणजे मुळात काम-क्रोध, त्यावर सत्त्वगुण हाच उतारा, गोळीचं काय घेऊन बसलात? त्याखाली एकाने विचारलं, सत्त्वगुण मेडिकलमध्ये मिळतो की जनरिकच्या दुकानात जावं लागेल. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर काकूंनी तातडीने कळवलं की त्या रोज बीपीची गोळी घेतात, तेव्हा त्यांना आता विंचवाचं भय उरलेलं नाही. ती गोळी वेगळी आणि विंचवासाठी कुठलीच गोळी आधी घेऊन ठेवायची नसते, हे समजावताना माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. काकू अजूनही अंधारात न्हाणीघरात अनवाणी जातात.

डीनसरांनी रील दोनदा पाहिलं. “छान. यात आपलं कॉलेज कुठे आहे?”

“कपाटावर नाव आहे, सर.”

“कपाटासमोर तुम्ही उभ्या आहात.”

मग आम्ही मेदूवडा बघायला गेलो. एवढा गाजावाजा झाल्यावर बावस्करांच्या कड्यावर एखादी तरी नवी रेघ उमटेल असं मला वाटत होतं. एकही नाही. ही मोजणी सार्वजनिक ठिकाणी निबंधाचा दुवा दिला तरच होते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड तिला दिसत नाहीत, भारूड ऐकू येत नाही आणि चहावाल्याची तर तिथे नोंदच नाही.

मग, फार उशिरा, मी पबमेड उघडलं. ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगाच्या नियतकालिकाने स्वतःच्याच २४३ निबंधांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये छापला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाचा सोशल मीडियावर गाजावाजा केला, दुसऱ्याला गप्प ठेवलं. तीस दिवसांत गाजवलेले निबंध किती वेळा उघडले गेले त्याचा मध्यक ४०९ निघाला, न गाजवलेल्यांचा ३९२. संख्याशास्त्र म्हणालं, हा फरक धरू नका. उलट छातीच्या शल्यविशारदांनी ११२ निबंधांवर केलेला तसाच प्रयोग २०२० मध्ये छापून आला, त्यात ट्विट केलेल्यांचे उल्लेख वर्षभरात जास्त झाले होते. २०२४ मध्ये छापून आलेल्या तिसऱ्या प्रयोगात अकरा शास्त्रज्ञांनी ११० निबंध ट्विट केले, तीन वर्षं वाट पाहिली. उल्लेखांत ठाम फरक काही सापडला नाही. तिन्ही निबंध मी डीनसरांपुढे ठेवले. त्यांनी मधला ठेवून घेतला.

ट्विटरवर शेअर झालेल्या बातम्यांच्या ५९ टक्के दुव्यांवर कुणी एकदाही टिचकी मारली नव्हती, असंही एक संशोधन २०१६ मध्ये झालंय. ट्विटरवर टाकलेला आमच्या रीलचा दुवा त्या ५९ टक्क्यांत बसला नाही. तो चालतो का हे बघायला मी स्वतः टिचकी मारली होती.

शोधता शोधता हाती लागला कार्दाशियन निर्देशांक. नील हॉल नावाच्या शास्त्रज्ञाने २०१४ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’त गमतीने मांडलेला. तुमच्या निबंधांच्या उल्लेखांवरून तुम्हाला ट्विटरवर किती अनुयायी असायला हवेत ते एका सूत्राने काढायचं आणि खऱ्या अनुयायांच्या संख्येला त्याने भागायचं. उत्तर पाचाच्या वर गेलं की समजायचं, माणूस कामापेक्षा नावाने मोठा झालाय.

मी माझा काढला. ट्विटर काय नि रील काय, अनुयायी ते अनुयायी, असं मी उदारपणे धरलं. माझ्या नावावर एकच निबंध, ग्रंथालयातील वाळवीवर, एका परिसंवादाच्या स्मरणिकेत. उल्लेख शून्य. म्हणजे अपेक्षित अनुयायी शून्य. हाताशी विंचवाने आणलेले हजारो. शून्याने भागलं, उत्तर अनंत.

हे मी डीनसरांना विनोद म्हणून सांगितलं. त्यांनी तो वार्षिक अहवालात ‘ग्रंथालयाची उपलब्धी’ या सदरात घालायला सांगितला. मी अनंताचं चिन्ह काढून टंकलेखकाकडे दिलं. त्याला वाटलं आठ आडवा पडलाय, त्याने तो उभा केला. मग अहवाल मराठीत म्हणून त्याचा ८ केला. छापून आल्यावर मी तक्रार घेऊन गेले, तर डीनसरांनी चष्मा वर करून विचारलं, “पाचाच्या वर आहे ना? मग?”