मॉड ऑर्गनायझर यांना निपाणीहून अनावृत पत्र

मा. मॉड ऑर्गनायझर (आवृत्ती दुसरी) यांस,
स. न. वि. वि.

‘स्कायरिम’ हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. त्यात ड्रॅगन आहेत, बर्फ आहे, आणि मुलूख कुणाचा यावरून इंपीरियल व स्टॉर्मक्लोक यांची हाणामारी आहे. म्हणजे विषय सीमाभागातल्या आम्हा निपाणीकरांच्या ओळखीचाच. पुढच्या फेब्रुवारीत गेमच्या कंपनीनं क्रिएशन किट हे साधन फुकट दिलं आणि त्या मुलखात ज्यानं त्यानं हवा तो फेरफार, म्हणजे ‘मॉड’, करावा अशी मुभा झाली. त्या फेरफारांची व्यवस्था आपण पाहता, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या सगळ्या अटी आम्ही निमूटपणे पाळल्या. गेम ‘प्रोग्राम फाइल्स’मधून हलवला. मूळ लाँचर एकदा चालवून आयएनआय फाइली तयार करून घेतल्या. मॉडना लागणारं एसकेएसई हे जोडसाधन गेमच्या नेमक्या आवृत्तीचं शोधलं. २०२१ च्या नोव्हेंबरात गेमच्या एका अपडेटनं एसकेएसईवर चालणारे मॉड जगभर एका रात्रीत निकामी केले, तेव्हाही आम्ही कुणाचे पुतळे जाळले नाहीत.

पण तो ‘लोड ऑर्डर’ आम्हाला समजावून सांगताना आपला जो गुरुजींचा सूर लागतो, तो जरा आवरा. एकाच नोंदीला दोन प्लगिननी हात घातला, तर शेवटी लोड होईल त्याचं खरं. हे आम्ही आपल्याकडून शिकायचं? आमच्याकडं आदिलशाही लोड झाली, मराठे झाले, पेशवे, इंग्रज, मुंबई राज्य, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्य, म्हणजे आजचं कर्नाटक. नोंद एकच, बेळगाव जिल्हा. तेव्हापासून यादीला कुणी हात लावलेला नाही.

आपल्या डाव्या चौकटीत मॉडपुढं विजेचं चिन्ह येतं. हिरवा अधिक म्हणजे हा दुसऱ्यावर चढला, लाल उणे म्हणजे हा दबला. सोय उत्तम! आमच्याकडं ते दुकानाच्या पाटीवर दिसतं, कुठली लिपी वर आणि किती मोठी यावरून.

आपल्या आभासी फोल्डरचं मात्र मनापासून कौतुक. मूळ डेटा फोल्डरमध्ये एक फाइलही हलत नाही, तरी गेमला वाटतं सगळे मॉड तिथंच आहेत. ही विद्या मुंबईच्या पुढाऱ्यांना फार आधीपासून येते. निवडणूक आली की सीमाभाग महाराष्ट्रात असतो, निकालानंतर फोल्डर उघडून पाहावं तर जिथल्या तिथं.

दोन मॉडचं भांडण मिटवायला एक्सएडिट या साधनात पॅच करावा, दोन्हींतलं थोडं थोडं घ्यावं, असं जाणकार म्हणतात. तसा एक पॅच आमच्याकडं आला होता. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल: निपाणी महाराष्ट्राला, बेळगाव तिकडंच. कर्नाटकानं तो मानला, महाराष्ट्रानं फेटाळला, आणि तो कधी लोडच झाला नाही. २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

तेव्हा एकच मागणी. पुढच्या आवृत्तीत त्या हिरव्या-लाल विजांच्या जोडीला ‘न्यायप्रविष्ट’ असं तिसरं चिन्ह द्यावं. रंग कोणताही चालेल, फक्त कन्नड झेंड्याचा पिवळा-लाल नको आणि भगवाही नको. उगाच बंद पुकारला जाईल.

कळावे,
आपला,
एक सीमावासी
(प्रोफाइल क्र. १, दुसरं उघडायची परवानगी नाही)