फुटव्हॉल्व्ह आणि सज्ञानता

दापोली तालुक्यातील मुरुड येथे समुद्रकाठी घर असणे म्हणजे घरातून समुद्र दिसणे नव्हे, कारण जुन्या घरांची तोंडे रस्त्याकडे असून पाठीमागे आगर, म्हणजे माड आणि पोफळी (सुपारीची झाडे) यांची बाग, व आगराच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, अशी येथील मांडणी आहे. समुद्राची ओळख ज्यांना खारा वारा आणि वादळ एवढ्यापुरतीच होती त्यांनी त्याच्याकडे पाठ करून ओटीवर बसणे पसंत केले, यात नवल नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील आगरे आडवी केली तेव्हा प्रस्तुत घराच्या मागीलदारातून समुद्र प्रथमच दिसू लागला, आणि घरातील आजींना तो मुळीच आवडला नाही.

खेड स्थानकावर उतरून एस.टी.ने या घरी पोहोचलेल्या प्रस्तुत लेखिकेचा घोषित हेतू सुवर्णदुर्ग पाहण्याचा होता. तो हर्णैच्या किनाऱ्यावरून पाहिला गेला, पाण्यात असल्याची खात्री पटली, आणि होडीत बसण्यापूर्वीच मळमळू लागण्याची तिची ख्याती अबाधित राहिली. अघोषित हेतू भाचीला भेटण्याचा होता. भाचीला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती, म्हणजे १८७५ च्या कायद्यानुसार ती सज्ञान होती, परंतु घराचे मत वेगळे होते. याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेस गेले असता सतरा वर्षांचे दिसत नाहीत या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. भाचीच्या बाबतीत असा निर्णय देणारी समिती घरातच, ओटीवरील झोपाळ्यावर बसलेली होती आणि तीत तिचे तिन्ही काका होते.

मे महिन्यात, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, विहिरीवरचा पंप आवाज करू लागला आणि पाणी देईनासा झाला. येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. असा पंप पाणी खेचतो असे आपण म्हणतो, परंतु प्रत्यक्षात तो नळीतील दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते; म्हणूनच तत्त्वतः सुमारे दहा मीटर आणि व्यवहारात सहा-सात मीटर एवढीच त्याची झेप असते, आणि पंप व नळी आधीपासून पाण्याने भरलेली नसतील तर तेवढीही नसते. हे पाणी टिकवून धरण्यासाठी नळीच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याला वर येऊ देणारी पण खाली जाऊ न देणारी झडप, बसवलेली असते. झडपेत काही अडकले की पाणी विहिरीत परत जाते आणि पंप हवा घुसळत बसतो.

समितीने पंपात पाणी ओतण्याचा ठराव केला. पाहुण्यांची रांग लावून शेजारच्या विहिरीतून बादल्या आणण्यात आल्या, त्या नरसाळ्यातून पंपात रिकाम्या करण्यात आल्या, आणि ते सर्व पाणी निमूटपणे घरच्या विहिरीत उतरले. विहिरीची पातळी त्यामुळे किंचित वाढली असावी. मोठ्या काकांनी दोष कंपनीला दिला, मधल्यांनी विजेच्या दाबाला, आणि धाकट्यांनी वायरमनला फोन केला, जो निघालो असे सांगून दिवसभर निघतच राहिला. प्रस्तुत लेखिकेकडे विजेरी धरण्याचे काम सोपवण्यात आले. वेळ भर दुपारची होती.

भाचीने झडपेचा संशय दोनदा बोलून दाखवला आणि दोन्ही वेळा तिला सरबत करायला पाठवण्यात आले. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला असला, तरी पंपाच्या खोलीची किल्ली अद्याप त्या कायद्याच्या कक्षेत आलेली नाही, हे संतापजनक सत्य येथे नोंदवणे भाग आहे. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. मेन स्विच बंद करून ती जांभ्याच्या पायऱ्यांनी विहिरीत उतरली, कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिने नळी उचलली, आणि फाटलेल्या जाळीतून आत शिरून झडपेत अडकलेली सुपारीची साल बोटाने काढली.

मुलींनी विहिरीत उतरू नये हा आजींचा जुना नियम होता. आजी काठावर आल्या तेव्हा समिती आशेने त्यांच्याकडे पाहू लागली. ज्या आगराला त्यांनी रहाटाच्या काळापासून शिंपणे केले, त्याच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव सर्वांत शेवटी आणि यजमानांच्या निधनानंतर चढले होते. त्यांनी नातीला एक शब्दही न बोलता कोरडा पंचा पुढे केला, आणि ती वर येईपर्यंत त्या तो हातात धरून तशाच उन्हात उभ्या राहिल्या. विजेरी त्या वेळी नीट धरली गेली नाही.

पंप सुरू झाल्यावर तिन्ही काकांनी पाहुण्यांना दुरुस्तीची प्रक्रिया समजावून सांगितली. संध्याकाळी आजींनी ओटीवर येऊन उद्याचे शिंपणे कोणत्या बाजूने सुरू करायचे असे विचारले.

"गडग्याकडून," भाची म्हणाली. "तिकडची रोपं लहान आहेत."

"छे, छे, विहिरीकडूनच," मोठे काका म्हणाले.

"तिला विचारलंय," आजी म्हणाल्या.