अण्णांच्या गाईचं कळलं का?

“काकू, अण्णांच्या गाईचं कळलं का? आठव्या महिन्यात गाभडली.”

“नजर, दुसरं काय! जर्सी दारात बांधली की अख्ख्या आळीचे डोळे तिच्यावर.”

“नजर कसली! डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, ब्रुसेला निघाला. आणि त्यांचा थोरला महिनाभर आजारी आहे ना? संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर धरलेली. टायफॉइडची औषधं झाली, मलेरियाची झाली. देवरुषीही झाला, पण मी सांगितलं म्हणू नका.”

“अगं, पण त्याचा नि गाईचा काय संबंध?”

“मागच्या खेपेला गाभडली तेव्हा जार कुणी ओढला? थोरल्यानंच, उघड्या हातानं, बोटाला विळा लागलेला! त्या जारात हे जंतू ठासून भरलेले असतात. वर मेलेलं वासरू ओढ्यात टाकलं, कुत्र्यांनी गावभर ओढलं. चुना घालून खोल पुरायचं, एवढं सुचू नये? तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं नाही घरी जनावरं आहेत का, आणि यानंही सांगितलं नाही.”

“अगं बाई! त्यांच्याकडचंच दूध नातवाला देते मी. धारोष्ण, फेसासकट!”

“आजपासून बंद. उकळून द्या. खरवसाला भ्यायचं कारण नाही, तो चांगला उकडलेला असतो. आमची धाकटी शिरवळला जनावरांची डॉक्टरकी शिकते ना, ती सांगत होती. माल्टा बेटावर इंग्रजांचे शिपाई असेच तापानं पडायचे. डेव्हिड ब्रूसनं १८८७ साली जंतू हुडकला, पण तो बकरीच्या दुधातून येतो हे कळायला १९०५ उजाडलं. बकऱ्या दिसायला धडधाकट! पुढच्या वर्षी फौजेनं ते दूध बंद केलं नि ताप ओसरला.”

“थोरला बरा होईल ना गं?”

“होईल की. सहा आठवडे गोळ्या, त्याही दोन तऱ्हेच्या. ताप उतरला म्हणून मध्येच सोडल्या तर पुन्हा उलटतो. पण अण्णांचं ऐकलंत? गाय गुपचूप बाजारात काढायची म्हणतात. म्हणजे आता दुसऱ्या कुणाचा गोठा बुडवायचा! मी तर तोंडावर सांगणार आहे.”

“आमच्या कालवडीचं काय करू?”

“केवढी झाली?”

“सहावा लागला.”

“मग उद्याच सरकारी दवाखान्यात नाव घाला. लस फुकट आहे, जन्मात एकदाच, तीही चार ते आठ महिन्यांच्या कालवडीलाच देतात.”