‘मला’ तिथं ‘आयएनजी’ नाही

भाच्याचा प्रवेश घ्यायचा म्हणून गेल्या आठवड्यात बर्डीतल्या एका इंग्रजी संभाषणाच्या वर्गात मागच्या बाकावर तासभर बसलो. कामठीहून बसनं येणारी एक मुलगी उठली. “सर, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ हे चुकीचं काहून?” वर्ग हसला. सर म्हणाले, “इंग्रजीत असंच असते. पाठ कर.” ती बसली ती बसलीच.

फी घेऊन ‘असंच असते’ विकणाऱ्यांचा मला संताप येतो. प्रश्न उत्तम होता आणि त्याचं उत्तर तिच्या तोंडातच होतं.

आपण नागपूरकर ‘काय करून राहिला बे?’ म्हणतो, तसंच ‘समजून राहिलं का?’ असंही विचारतो. त्या ‘राहिलं’नं काम चालू असल्याचं कळतं. मुलीनं तेच इंग्रजीत नेलं. डोकं चालवल्याशिवाय अशी चूक होत नाही. आता सरांनी फळ्यावर दोन रांगा लिहायला हव्या होत्या. मी करतो, मी जातो, मी लिहितो. मला समजतं, मला आवडतं, मला आठवतं, मला दिसतं, मला माहीत आहे. दुसऱ्या रांगेत ‘मी’ काही करत नाही, ते माझ्याकडे आपसूक येतं. इंग्रजीतही हा गट वेगळाच बसतो: अंडरस्टँड, लाइक, रिमेंबर, सी, नो. यांना सहसा ‘आयएनजी’ लागत नाही. म्हणजे ‘मला’ (घरी म्हणत असाल तर ‘मले’) आलं की ‘आयएनजी’ लावण्याआधी थांबायचं. नियम दर वेळी लागू पडणार नाही, पण दहातल्या बऱ्याच चुका तिथंच अडतील.

एखादं चलाख पोर विचारेल, मग मॅकडॉनल्ड्सवाले २००३पासून ‘आय ॲम लव्हिंग इट’ कसे म्हणतात? विचारू द्या. जाहिरातवाल्यांनी नियम मुद्दाम वाकवला, कारण त्यांना घास तोंडात असतानाचा आनंद सांगायचा होता. सावजीचं जेवताना आपण ‘मस्त लागून राहिलं’ म्हणतो, तसंच ते.

‘से’ आणि ‘टेल’चा घोळही आपल्याकडे आधीच सुटलेला आहे. ‘तो म्हणाला’ एवढं पुरतं. ‘त्यानं सांगितलं’ म्हटलं की कोणाला, हे मनात येतंच. इंग्रजीतल्या ‘टेल’ला बहुतेक वेळा तो ‘कोणाला’ लागतो. ‘ऐकू येणं’ आणि ‘ऐकणं’ यांत जो फरक, तोच ‘हिअर’ आणि ‘लिसन’मध्ये. हे शिकवायला दोन मिनिटं पुरतात आणि पाठांतराची वही लागत नाही.

‘आऊट ऑफ स्टेशन’ म्हणणाऱ्यालाही त्या वर्गात हसले. ब्रिटिश अंमलात अधिकाऱ्यांच्या नेमणुकीच्या, वस्तीच्या जागेला ‘स्टेशन’ म्हणत, त्यातून तो प्रयोग आला. कामठीची छावणी १८२१ची, सिव्हिल लाइन्सही त्याच कारभाराच्या. आज लंडनच्या माणसाला ते कळायचं नाही, हे जरूर सांगा. पण हसता कशाला? शब्द त्यांच्याच साहेबांचा आहे.

१८४५मध्ये नागपुरात आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यानं इथं इंग्रजी शाळा काढली आणि स्वतः गोंडीचे शब्द, गीतं जमवली. ती टिपणं त्याच्या मृत्यूनंतर १८६६मध्ये छापली गेली. इंग्रजी शाळा काढणारा माणूसही इथल्या माणसांना विचारूनच शिकला.

वर्ग सुटल्यावर बस थांब्यावर ती मुलगी दिसली. म्हटलं, “अजून काही विचारायचं होतं का गं?” तिनं वही काढली. मागच्या पानावर ओळीनं प्रश्न लिहिलेले. पहिलाच होता: ‘तुझा वर्गात कितवा नंबर आला?’ यातल्या ‘कितवा’ला इंग्रजीत काय म्हणतात?

मी सांगितलं, “याला त्यांच्याकडे सरळ एक शब्दच नाही, बाळा. वाक्य फिरवून ‘रँक’ काय आली, असं विचारावं लागतं.”

ती क्षणभर वहीकडे पाहत राहिली. “मंग काका, सर हे सांगत काहून नाहीत? मले वाटलं, मलेच येत नाही.”