पाणी गळ्यातूनच शिरतं

कोरडं कसं राहावं, याबद्दल सल्ला द्यायचा अधिकार या राज्यात कोणाला असेल तर तो महाड-पोलादपूरच्या माणसाला, असं माझं ठाम मत आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला कृष्णा, कोयना आणि वेण्णेचा वाटा घाटावरची मंडळी घेऊन जातात. सावित्री आपला वाटा घेऊन पोलादपुरावरून थेट आमच्या दारात उतरते. शिवाय आमचा स्वतःचा पाऊस असतोच. जून ते सप्टेंबर आमच्याकडे उशी दमट, काडेपेटी दमट, पापड दमट आणि सातबाराचा उताराही दमट. त्यामुळे नॉर्वेत बर्गेनला नोकरीला असलेल्या भाच्याने "मामा, डायव्हिंगसाठी ड्रायसूट घ्यायचाय, कुठला घेऊ?" असं फोनवर विचारलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. घरात वाटलं. "तुम्हाला पोहता तरी येतं का?" असं ही म्हणाली. पोहण्याचा इथे संबंध काय? प्रश्न कोरडं राहण्याचा होता.

बर्गेन हे युरोपातलं पावसाचं गाव. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, असं भाचा अभिमानाने सांगतो. तेवढा आमच्याकडे बहुतेक वर्षी गणपती यायच्या आधी उरकलेला असतो. हवा कधी वाईट नसते, वाईट असतात ते कपडे, अशी तिकडे म्हण आहे म्हणे. ती म्हण काढणारा जुलै महिन्यात मोटारसायकलवरून आंबेनळी घाट उतरलेला नसावा. असो. तर वरून एवढं पाणी पडत असताना हे लोक सुट्टीच्या दिवशी आपण होऊन समुद्राच्या तळाशी जातात, आणि हिवाळ्यात तिथलं पाणी पाच-सहा अंशांवर असतं.

आपल्याकडे तारकर्लीला किंवा मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटक पाण्यात उतरतात, ते फार तर वेटसूट घालून. त्यात पाणी आत शिरतं, अंगाच्या उबेने कोमट होतं आणि तिथेच मुक्काम करतं. पंचवीस-तीस अंशांच्या पाण्यात हे ठीक आहे. पण पाणी अंगातली उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. त्यात आणखी खोडी अशी, की दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, वेटसूटच्या रबरातले बुडबुडे चेपून निम्म्यावर येतात, म्हणजे ऊब पाहिजे तिथेच ती कमी होते. म्हणून थंड पाण्यात ड्रायसूट. त्याच्या आत हवा आणि गरम कपडे. पाण्याला प्रवेश नाही.

भाच्याला वाटलं, हे सगळं मामाला नवीन असणार. मी त्याला सांगितलं, बाबा रे, १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून न भिजणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. तुझ्या दुकानदाराचं ट्रायलॅमिनेट म्हणजे दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर. दोनशे वर्षांत कापड सुधारलं, रबर सुधारलं, किंमत फारच सुधारली. आपल्याकडे १९२० साली कलकत्त्याला सुरेंद्रमोहन बोस यांनी बेंगॉल वॉटरप्रूफ काढली. तिचा डकबॅक रेनकोट ज्या घरात असे, त्या घराला आमच्या लहानपणी वजन असे. रेनकोटलाही असे.

त्याच्याही आधी इरलं होतं. बांबूच्या कांबींत पानं गुंफून केलेलं, डोक्यावरून पाठीवर येणारं, पुढून उघडं. लावणीला वाकलेल्या बाईचे दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी आणि वारा खेळता. पोलादपूरच्या डोंगरातली म्हातारी माणसं अजून सांगतात, की प्लॅस्टिकचा कागद आला आणि पावसात घाम यायला लागला. हे वाक्य मी भाच्याला दोनदा ऐकवलं, कारण कुठल्याही ड्रायसूटच्या जाहिरातीत ते नसतं. माणूस दोन बाजूंनी भिजतो. बाहेरचं पाणी अडवलं की आतला घाम अडकतो. म्हणून आत सुती बनियन घालायचा नाही. सूत घाम पितं आणि थंड होऊन अंगाला चिकटून बसतं. आत लोकर किंवा फ्लीस पाहिजे. घोंगडी भिजली तरी ऊब देते, हे गुराख्याला कोणी वर्कशॉप घेऊन शिकवलेलं नाही.

मग कापडाची निवड आली. ट्रायलॅमिनेट हलकं, लवकर वाळणारं, पण स्वतःची ऊब शून्य. सगळी भिस्त आतल्या कपड्यांवर. निओप्रीन म्हणजे वेटसूटचंच रबर; जाड, अंगासरशी ताणणारं, स्वतः उबदार. पण जड आणि वाळायला वेळखाऊ. तेच निओप्रीन आधीच दाबून पातळ केलेलं मिळतं, ते फार चिवट आणि फार महाग. माझा निकाल ट्रायलॅमिनेटच्या बाजूने लागला. ज्या माणसाच्या घरात चड्डी-बनियन वाळायला चुलीवर दांडी बांधावी लागते, तो न वाळणारं काहीही विकत घेत नाही.

मापाच्या बाबतीत मात्र आपली परंपरा सोडावी लागते. मराठी आईबाप मुलांना रेनकोट घेतात तो वाढत्या अंगाचा. भाच्याने चौथीत घेतलेला रेनकोट आठवीपर्यंत वापरला. चौथीत तो त्यात सापडत नसे आणि आठवीत मावत नसे, पाचवी-सहावीचा काळ तेवढा सुखाचा गेला. ड्रायसूट सैल असला की जादा हवा आत इकडून तिकडे पळते. पाय वर झाले तर ती पायांत जाऊन बसते आणि माणूस उलटा, पाय वर करून पृष्ठभागाकडे निघतो. हे ऐकायला मजेशीर आहे, खाली असताना जिवावरचं आहे; म्हणून ड्रायसूटचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं. घट्ट असला तर हात डोक्यामागच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. तेव्हा दुकानात जाताना आतले कपडे घालूनच जावं, सूट चढवावा, उकिडवं बसावं, हातांची घडी घालावी, मानेमागे हात न्यावा. मी भाच्याला म्हटलं, जेवायला मांडी घालून बसता आलं तर घे.

आता गळा. भिजण्यातला माझा सगळा अनुभव असा, की पाठ, पोट, दंड हे अवयव निष्पाप आहेत. पाणी गळ्यातून शिरतं आणि मनगटातून शिरतं. रेनकोटवाले कापडाची तारीफ करतात, गळ्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ड्रायसूटच्या गळ्याला आणि मनगटांना सील असतात. लॅटेक्सचं सील पातळ, छान बसणारं; पण उन्हाने, तेलाने खराब होतं आणि एखाद्या दिवशी नखाने फाटतं. निओप्रीनचं दणकट, पण अंमळ झिरपतं. सिलिकॉनचं मऊ, ते चिकटवता येत नाही, म्हणून कड्यात बसवतात, आणि फाटलं तर घरच्या घरी बदलता येतं. मी सिलिकॉन म्हटलं. भाच्याच्या डोक्याला अजून खोबरेल असतं, आणि खोबरेल आणि लॅटेक्स यांचं जमत नाही. सीलखाली केस आला की पाणी आलंच. दाढीचं काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

चेन हा दुसरा जिवाचा भाग. न गळणारी चेन महाग असते, दुमडली तर मोडते, बदलायची तर खिसा उसवतो. काही सुटांना ती पाठीमागे खांद्यावरून असते. ती लावायला दुसरं माणूस लागतं आणि ते त्या दिवशी आपल्याशी बोलत असावं लागतं. छातीवरून तिरकी जाणारी चेन आपली आपल्याला लावता येते. लग्न झालेल्याने हीच घ्यावी. आणि बराच वेळ पाण्यात राहायचं तर लघवीचं काय, हा प्रश्न मी विचारला तेव्हा भाचा आधी लाजला. त्यासाठी मांडीवर वेगळा व्हॉल्व्ह बसवता येतो, नाहीतर मोठ्या माणसांचे लंगोट. कशेडीतल्या वाहतूक कोंडीत अडकलेल्या एसटीच्या प्रवाशांना ही माहिती दिली तर तिकडचा सगळा माल इकडे खपेल.

एवढा सल्ला घेऊन भाच्याने जुना सूट घेतला. नवा चांगला ड्रायसूट लाखांच्या हिशेबात जातो, हे कारण मला मान्य होतं. तो सूट घेऊन तो जुलैत घरी आला, कारण सूट डाव्या गुडघ्याशी गळत होता आणि नेमकं कुठून ते सापडत नव्हतं. त्याला तो सावित्रीत घालून बघायचा होता. मी नको म्हटलं. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत, त्यांना ट्रायलॅमिनेट आणि निओप्रीनमधला फरक कळत नाही.

दुसरं कारण गमतीचं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिश काळातला पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या, आणि नौदलाचे पाणबुडे त्या गढूळ, धावत्या पाण्यात उतरले. तेव्हापासून भर पावसात नदीत कोणी हौसेने उतरायचं म्हटलं, तर इथलं माणूस गप्प होतं.

तेव्हा आम्ही सूट घेऊन महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. दंडावरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह आवळून बंद केला, मनगटांत पाण्याच्या बाटल्या बसवल्या, गळ्यात तांब्या, आणि एका बाटलीच्या कडेने नळी घालून पंक्चरवाल्याने बेताने हवा सोडली. सूट हळूहळू फुगला. बिनडोक्याचा, काळा, लठ्ठ इसम दुकानाच्या फळीवर उताणा पडलेला, आणि गळ्यात पितळी तांब्या. खेडकडे जाणारी एक एसटी विनाकारण थांबली. एका आजोबांनी हात जोडले. "ट्यूबलेस हाय काय?" असं पंक्चरवाल्याने विचारलं आणि ट्यूबला लावतो तसं साबणाचं पाणी अंगभर चोळायला घेतलं. गुडघ्याच्या शिवणीशी बुडबुडे आले. भाचा चाट पडला. सूट दुरुस्त करणारे तज्ज्ञही असंच साबणाचं पाणी लावतात म्हणे. फक्त ते आधी तारीख देतात. पंक्चरवाला सोल्युशन लावून ठिगळ मारायला निघाला होता, त्याला महत्प्रयासाने आवरलं. खूण करून ठेवली. शिवण आतून योग्य गोंदाने बंद करायची, हे काम बर्गेनला होईल. पंक्चरवाल्याने पैसे चाकाच्या दराने घेतले.

परत आल्यावर भाच्याने सूट अंगात घालून ओटीवर दाखवला. बाहेर मुसळधार. पाऊणएक तासाने तो सुटातून निघाला तेव्हा छत्री न घेता बाजारात जाऊन आलेल्या माझ्यापेक्षा जास्त ओला होता.

तेव्हा वाचकांपैकी कोणाला नॉर्वे, आइसलँड असल्या थंड पाण्यात उतरायचं असेल त्यांनी कापडाच्या नावाला भुलू नये. गळा, मनगट आणि चेन बघावी, बदलता येणारं सील मागावं, जुना घेत असाल तर हवा भरून साबणाचं पाणी लावून घ्यावं. आणि मालवणला जायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही. तिथे वेटसूट भाड्याने मिळतो, आणि पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं.